अबोल्याची जागा

उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडच्या त्या गावात रेनडिअरच्या स्लेजमध्ये अबोल्याला वेगळी जागा घ्यावी लागते. मांडीवर घेऊन चालत नाही. अगदी तान्हा असेल तर त्याला सामानात धरतात, पण वर्षाचा झाला की तो पुरा प्रवासी. मग त्याच्या पायांवर कातडं पांघरायचं आणि वळण आलं की त्याला धरून बसायचं. गावात कुणाला याचं नवल नाही. नवल वाटलं ते इचलकरंजीच्या हेमलता चौगुले यांना, आणि तेही एवढंच, की इतकी वर्षं भूगोल शिकवला, पण ही गोष्ट पुस्तकात कशी नव्हती.

हेमलताबाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. टुंड्रा प्रदेश हा त्यांचा हातखंडा धडा. वीज गेलेली, पंखा बंद, बाहेर ऊन रणरणतंय, आणि बाई असा काही बर्फ पाडायच्या की पहिल्या बाकावरच्या मुली ओढणी अंगाशी ओढून घ्यायच्या. धड्यात एक चित्र होतं. रेनडिअरची गाडी, आणि तिच्यात शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं. त्यांचे चेहरे दिसत नव्हते, नुसत्या टोप्या दिसायच्या. मुली रेनडिअरची शिंगं बघायच्या आणि बाई त्या दोन टोप्या बघायच्या.

त्याचं असं आहे, की बाई आपल्या नवऱ्याशेजारी कुठल्या वाहनात कधी बसल्याच नव्हत्या. स्कूटरवर त्या मागे, मध्ये दळणाचा डबा. एसटीत बायकांच्या बाकावर. पुढे गाडी आली, तर पुढच्या सीटवर आधी सासूबाई, मग सूतगिरणीच्या फायली, मग नणंदेचे गुडघे. म्हणून स्वीडनमध्ये राहणाऱ्या लेकीनं, प्रणितानं, हिवाळी सहलीचा बेत कळवला तेव्हा बाईंनी मनात एवढंच धरलं, की त्या गाडीत यांच्या शेजारी बसायचं. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. ज्याला सांगायचं त्याच्याशी बोलणं नव्हतं.

बोलणं बंद झालं पुतण्याच्या वास्तुशांतीला. पंगत उठली आणि चार बायकांनी बाईंना घेरलं, नाव घ्या, नाव घ्या म्हणून. बाई सकाळपासून मनात जुळवतच होत्या. पदर सावरून त्यांनी नाव घेतलं: ‘सूतगिरणीचा भोंगा वाजतो पहाटे, दिगंबररावांचं नाव घेते मोठ्या थाटात.’ बायका टाळ्या वाजवणार, तोच दिगंबरराव म्हणाले, ‘पहाटे आणि थाटात. यमक जुळत नाही.’ सगळा मांडव हसला. आता दिगंबररावांचीही बाजू ऐकायला हवी. सूतगिरणीत मालाचा दर्जा तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. गाठ असलेला सुताचा कोन, म्हणजे सूत गुंडाळलेला शंकू, त्यांनी कधी पास केला नाही, तो मालकाच्या मेहुण्याच्या खात्यातला असला तरी. तिथे बायकोचा उखाणा म्हणून सूट द्यायची हे त्यांच्या तत्त्वात बसेना.

तेव्हापासून बाईंनी तोंडाला कुलूप लावलं आणि दिगंबररावांनी मूग गिळले. दोघंही भांडखोर नव्हती, त्यामुळे अबोला घरात छान रुळला. चहा वेळेवर व्हायचा, तो ओट्याला सांगून व्हायचा. ‘चहा झालाय गं बाई,’ असं बाई ओट्याला म्हणायच्या आणि दिगंबरराव कप उचलायचे. मोठा निरोप असला की प्रणिताला फोन. गोळ्या संपल्यात असं बाबांना सांग. आईला सांग, आणल्यात, कपाटात आहेत. स्वयंपाकघरातला निरोप व्हाया स्वीडन हॉलमध्ये यायचा. प्रणिता बिचारी मिटिंग सोडून हे करायची, आणि एकदा फोन ठेवल्यावर ती रडली होती. ते इकडे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तर त्या दिवशी गोठलेल्या तळ्याच्या काठावर सगळे उभे होते. सूर्य वर येतच नव्हता, क्षितिजावर नुसता केशरी उजेड होता आणि तोही दुपारनंतर जाणार होता. प्रणिता, जावई आणि नात पहिल्या स्लेजमधून पुढे गेली. पलीकडच्या काठावर जेवण शिजत होतं. मागच्या गाडीत आई-बाबांनी बसायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं, म्हणजे बसायचं तर आज.

गाड्या मारेत नावाच्या बाईच्या होत्या. मारेत सामी, म्हणजे तिथल्या मूळच्या, रेनडिअर पाळणाऱ्या लोकांपैकी. पुस्तकात या लोकांना असलेला जुना शब्द इथे तोंडातून काढायचा नाही, तो त्या लोकांना लागतो, असं प्रणितानं आईला बजावून ठेवलं होतं. मारेतच्या अंगात निळा लोकरीचा झगा, त्याला लाल-पिवळ्या फितींचे काठ, आणि पायात कातडी बूट, आत सुकं गवत भरलेले. ती साधं, तुकड्यातुकड्यांचं इंग्रजी बोलायची, तेव्हा भाषेची अडचण नव्हती. दिगंबररावांनी आल्या आल्या तिला विचारलं, एकूण रेनडिअर किती आहेत. मारेत जरा थांबली आणि म्हणाली, ‘झाडाच्या या बाजूला थोडे, त्या बाजूला थोडे.’ बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा प्रश्न म्हणजे पाहुण्यानं दारातच बँकेचं पासबुक मागण्यासारखा, हे त्यांनी विमानात वाचलं होतं. पण सांगणार कसं? सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

दोघं स्लेजमध्ये बसले. लाकडाची बुटकी गाडी, खाली केसाळ कातडं अंथरलेलं, जागा बरोबर दोघांची. बाई शाळेतल्या मुलीसारख्या मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या. पुढचा रेनडिअर राखाडी रंगाचा होता आणि त्याचं नाव त्यांच्या भाषेत धुरकट अशा अर्थाचं होतं. मारेतनं लगाम हलवला. धुरकट हलला नाही. त्यानं मान वळवली आणि दोघांच्या मधोमध बघत राहिला.

मारेत खाली वाकली. गाडीच्या घसरपट्ट्या बर्फात वीतभर रुतल्या होत्या.

‘तिसरा किती वर्षांचा?’ तिनं विचारलं.

बाईंना वाटलं ती नातीबद्दल विचारतेय, म्हणून त्यांनी सांगितलं की ती पुढे गेली. ‘ती नव्हे, हा,’ मारेत म्हणाली आणि तिनं दोघांच्या मधल्या जागेवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. दिगंबरराव दुसरीकडे बघायला लागले. मग मारेतकडे बघून म्हणाले, ‘श्रावणात चौथं लागेल.’ श्रावण म्हणजे कधी, ते मारेतला कळलं नाही. बाईंना कळलं. यांनी हिशोब ठेवला होता, याचं त्यांना बरं वाटलं आणि त्याचाच राग आला.

मग नियमांचं बोलणं झालं. गाडी दोघांची आणि प्रवासी तीन. दुसरी गाडी पलीकडे गेलेली, ती उजेडात परत येईल याची खात्री नाही. बाईंनी सवयीप्रमाणे जो समोर होता त्याला गाठलं. धुरकटकडे बघून त्या मराठीत म्हणाल्या, ‘सांग त्यांना, मी थांबते, तुम्ही जा म्हणावं.’ धुरकटनं तोंड फिरवलं. मारेतनं समजावलं की रेनडिअर लाकडं ओढतो, माणसं ओढतो, पण निरोप नेत नाही. कुणी सवय लावायला गेलं तर तो कळपात परत जातो. शिवाय एकानं थांबून उपयोग नाही. अबोल्याला दोन टोकं असतात. एक टोक गाडीत आणि दुसरं काठावर राहिलं, तर तो मध्ये ताणला जातो आणि जनावराच्या पायात येतो. मागच्या हिवाळ्यात एका डॅनिश जोडप्यानं तसं केलं होतं. गाडी उलटली होती, आणि नवरा अजून लंगडतो.

दिगंबररावांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. नियम म्हटला की ते नरम पडत. वजनाचीच अडचण असेल, तर आपण दोघं इकडे नाहीतरी गप्पच आहोत, एक शब्द बोलत नाही, मग वजन येतं कुठून, एवढी एक शंका त्यांनी काढली.

मारेत हसली. ‘गप्प बसण्याला वजन नसतं,’ ती म्हणाली. ‘माझा बाप आणि मी अख्खा हिवाळा गप्प असतो. आम्ही दोघं एका गाडीत बसलो तरी धुरकट पळतो. अबोला वेगळा. तो दोघांनी दोन बाजूंनी उचलून धरलेला असतो.’

बाईंना हे शिकवल्यासारखं नीट समजलं. त्यांचे खांदे दुखायचे, डॉक्टर कॅल्शियम कमी आहे म्हणायचे.

एक सोय होती. काठावरच मारेतचा लाव्वू होता. लाव्वू म्हणजे शंकूसारखा उंच तंबू, मध्ये चूल, वर धुराला भोक. पाहुण्यांना अबोला तिथे ठेवून जाता यायचं, येताना न्यायचा. ते आत गेले. चुलीच्या डाव्या अंगाला कातडी अंथरली होती आणि तिथली जागा मारेतनं दाखवली. एका कातड्यावर मोठा खळगा पडला होता. तो फिनलंडच्या दोन भावांचा, मारेतनं सांगितलं, फार म्हातारा. ते दोघं आले, तळ्याभोवती फिरले आणि त्याला विसरून वेगवेगळ्या रस्त्यांनी निघून गेले. त्याला न्यायला कुणी आलं नाही. मारेत रोज त्याच्यापुढे कॉफी ठेवते, चीजचा तुकडा टाकून. तो त्रास देत नाही. बाईंनी खळग्याला वळसा घातला आणि पदर नसताना पदर सावरला.

ठेवून घ्यायच्या आधी मारेतनं विचारलं की हा कशावरून आहे. कारण सांगितल्याशिवाय ठेवता येत नाही. रात्री उठला आणि काही मागायला लागला, तर काय द्यायचं ते माहीत असावं लागतं.

‘यमकावरून,’ दिगंबरराव म्हणाले.

‘चारचौघांत हसं केलं त्यावरून,’ बाई म्हणाल्या.

दोघंही मारेतकडे बघून बोलले. मारेतनं मान हलवली. कारणं दोन असतील, तर अबोले दोन असावेत, एकाखाली एक लपला असेल; मग कातडी दोन लागतील. यावर मात्र दोघं एकदमच बोलले की छे, दोन कसे असतील, आमच्याकडे पहिल्यापासून एकच आहे. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न असल्यासारखे दोघं ताठ झाले. मारेतनं ते मानलं आणि एकच कातडं घेतलं.

आता एकच काम उरलं. अनोळखी जागी ठेवलेला अबोला रडू नये म्हणून त्याचं गाणं त्याला म्हणून दाखवावं लागतं. या गाण्याला ते लोक जोईक म्हणतात. बाईंनी विचारलं, म्हणजे अबोल्यावरचं गाणं का? मारेत म्हणाली, नाही. आपण कुणावर गात नाही. लांडगा गायचा तर लांडगाच गायचा, आजी गायची तर आजीच गायची. अबोल्यावरचं गाणं त्याला नको असतं. त्याला तो स्वतःच हवा असतो.

ती चुलीजवळ बसली, डोळे मिटले आणि घशातून सूर काढायला लागली. शब्द नव्हते. नुसतं लो लो लो, ना ना. पहिल्यांदा बाईंना काही कळेना. मग त्यांना कपात फिरणारा चमचा ऐकू आला. मग दाराशी खाकरणं, आत यावं की न यावं असं. फ्रिजचं दार उघडून काही न घेता बंद केल्याचा आवाज. दिवाणावर कूस बदलणं आणि आतल्या खोलीत कुणीतरी जागं असणं. सूर वर चढत नव्हता, खाली येत नव्हता, फिरून फिरून ओट्यापाशी येत होता. इचलकरंजीचं त्यांचं घर तिथे त्या तंबूत होतं, आणि त्यात दोन माणसं होती, आणि बाईंना त्या दोघांची भयंकर कीव आली. त्यांनी डोळे पुसले. धुराचं निमित्त होतंच.

जोईक संपलं नाही. मारेत मध्येच थांबली.

दिगंबररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मालाचा नग हातात घेऊन उजेडाकडे धरावा तसे ते चुलीकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली, आणि मारेतकडे नाही, ओट्याकडे नाही, बाईंकडे बघून म्हणाले:

‘याला यमक नाही.’

‘नाही,’ बाई म्हणाल्या.

‘शेवटही नाही.’

‘नाही.’

‘तरी पास आहे,’ दिगंबरराव म्हणाले. ‘तेव्हाच पास करायला हवं होतं.’

उठताना बाईंनी हात पुढे केला, कारण गुडघा आखडला होता, आणि दिगंबररावांनी तो धरला. अबोला कातड्यावर राहिला. मारेतनं त्याच्यापुढे छोटी लाकडी वाटी ठेवली आणि त्याला म्हाताऱ्याकडे तोंड करून निजवलं, म्हणजे सोबत होईल.

या खेपेला घसरपट्ट्या बर्फावरच राहिल्या. मारेत काठावरच राहिली, वाट धुरकटला पाठ होती. त्यानं मागे बघितलं, फुरफुरला आणि निघाला. बाई दिगंबररावांच्या शेजारी बसल्या होत्या. खांद्याला खांदा लागत होता. दोन टोप्या. मागून कुणी चित्र काढलं असतं, तर पुस्तकात छापता आलं असतं. वळण आलं की मध्ये धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी एकमेकांना धरलं.

पलीकडच्या काठावर प्रणिता हातात फोन घेऊन उभी होती. इतका उशीर झाला म्हणजे काहीतरी निरोप द्यायचा असणार, अशी तिची समजूत. जेवायला बसल्यावर दिगंबरराव म्हणाले, ‘अगं, जरा मीठ दे.’ प्रणिता लगेच वळली, ‘आई, बाबा म्हणतायत...’ आणि तोवर मीठ पोचलं होतं. प्रणिता तशीच थांबली. मग ती रस्स्याच्या वाटीत बघून रडायला लागली, आणि जावयानं विचारलं तर म्हणाली, गरम आहे.

परत निघाले तेव्हा बर्फ निळा पडायला लागला होता. अर्ध्या तळ्यात आल्यावर दिगंबरराव खाकरले. बाईंनी ओळखलं की काहीतरी येतंय. पुरुषमाणसानं एवढ्या थंडीत नाव घ्यायचं म्हणजे सोपं नाही. पण त्यांनी घेतलं:

‘बर्फावरून चालली रेनडिअरची गाडी...’

इथे ते अडले. ‘साडी’ तोंडाशी आली असणार, बाईंना दिसत होतं. पण बाईंच्या अंगात भाड्यानं घेतलेला फुगीर निळा बर्फातला पोशाख होता, आणि खोटा माल दिगंबररावांच्या हातून पास होणं शक्य नव्हतं. ते बराच वेळ अडून राहिले. मग म्हणाले:

‘हेमलताचं नाव घेतो, शेजारी बसली आहे.’

यमक जुळत नव्हतं. बाईंच्या लगेच लक्षात आलं. वाडी होतं, माडी होतं, काहीच नाही तर काडी होतं. तीन वर्षं वाट बघितलेली संधी अशी ताटात वाढून आली होती. त्यांनी दिगंबररावांकडे बघितलं. त्यांच्या मिशीवर बर्फ धरला होता आणि ते तपासणीला उभं राहिल्यासारखे समोर बघत होते. बाई गप्प बसल्या.

धुरकटनं पाय आखडला. मान वळवली, दोघांच्या मध्ये नीट बघितलं. मग कान हलवून तो पुन्हा पळायला लागला.

काठावर मारेत कंदील घेऊन उभी होती. न्यायचाय ना, असं तिनं विचारलं. ठेवलेला अबोला ज्याचा त्यानं नेणं बरं, असा तिथला रिवाज आहे. तिघं तंबूत डोकावले. चूल मंद झाली होती. म्हाताऱ्याच्या खळग्याला लागून एक लहान खळगा पडला होता, आणि वाटी रिकामी होती.

‘राहू दे,’ दोघं एकदमच म्हणाले, ‘झोपलाय.’

मारेतनं हो म्हटलं. जागा आहे, ती म्हणाली, आणि म्हाताऱ्यालाही बरं वाटेल. दिगंबरराव दबक्या पावलांनी बाहेर निघाले. दाराशी गेल्यावर बाई थांबल्या, मागे वळल्या, स्वतःच्या डोक्यावरची कानटोपी काढली आणि त्या छोट्या खळग्यावर नीट पसरून ठेवली. त्याला इचलकरंजीची सवय, इथली थंडी सोसायची नाही, असं त्यांनी मारेतला सांगितलं.